पुन्हा एकदा कंट्रोल-एस

जबलपूरहून दिंडोरीच्या रस्त्याला लागलं की पन्नासेक किलोमीटरवर कुंडम येतं. हिरण नदी इथे उगम पावते आणि पुढे नर्मदेला मिळते. भोवती गोंड आदिवासींची गावं, आणि त्या सगळ्यांची तहसील म्हणजे कुंडम. मध्य प्रदेशाने 2010 साली लोकसेवा हमी कायदा केला, असा कायदा करणारं ते देशातलं पहिलं राज्य. त्यानंतर दाखले, नकला, अर्ज हे सगळं हळूहळू संगणकावर गेलं. म्हणूनच अशा तहसिलीच्या गावात आता अर्ज भरून देणाऱ्या ऑपरेटरला कचेरीतल्या बाबूइतकंच महत्त्व आहे. या मंडळींची बोटं कधी नीट पाहावीत. दोन ओळी टाइप झाल्या की लिहिलेलं सेव्ह करायला डावी करंगळी कंट्रोलवर जाते आणि शेजारचं बोट एसवर पडतं. एकदा नाही, दोनदा, कधी तीनदा. पुण्या-मुंबईतले डीटीपीवाले, हिशेबनीस, प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, सगळ्यांची बोटं हेच करतात. विचारलं तर बहुतेकांना आपण ते केल्याचं आठवतही नाही.

या सवयीला खुळेपणा म्हणून हसण्याआधी तिचं मूळ पाहायला हवं. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नव्या मध्य प्रदेशाच्या उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ जबलपूरला आलं आणि नागपुरातला कारभार इकडे हलला. त्या काळच्या न्यायालयीन टंकलेखकाला ‘सेव्ह’ करण्याची चिंता नव्हती. कळ दाबली की अक्षर कागदावर उमटे आणि खालच्या कार्बनमुळे दुसऱ्या कागदावरही. लिहिणं आणि लिहिलेलं टिकणं या दोन क्रिया नव्हत्याच, एकच होती. संगणकाने त्यांची फारकत केली. पडद्यावर अक्षर दिसतं, पण ते अजून कुठेही ठेवलेलं नसतं.

एके काळी संगणकाची मेमरी इतकी विसराळू नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी बांधलेला ‘टिफरॅक’ संगणक 1960 साली कामाला लागला. त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती. कडं एका दिशेने चुंबकित झालं तर शून्य, उलट दिशेने झालं तर एक. चुंबकत्व टिकवायला वीज लागत नाही, त्यामुळे वीज गेली तरी कड्यातली नोंद जागेवर राहू शकते. पण ही कडी तारांत ओवावी लागत, ती महाग पडत आणि जागाही खात.

आयबीएममधले रॉबर्ट डेनार्ड यांनी 1966 साली स्वस्त तोड काढली आणि 1968 मध्ये तिचं पेटंट मिळवलं. एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर, एवढ्यात एक बिट. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असेल तर एक, नसेल तर शून्य. आज आपल्या टेबलावरच्या संगणकाची रॅम याच तत्त्वावर चालते. या कपॅसिटरमधून भार सतत झिरपत असतो. म्हणून यंत्र प्रत्येक बिट पुन्हा पुन्हा वाचून भरून ठेवतं, साधारणपणे दर 64 मिलिसेकंदांत एकदा. सेकंदाला पंधराएक वेळा तुमचा लेख पुसट होतो आणि पुन्हा गिरवला जातो. वीज गेली की गिरवणारा हात थांबतो.

आणि वीज जायला फार वेळ लागत नाही. आपल्या विजेचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. संगणकाचा पॉवर सप्लाय पूर्ण भाराखाली जेमतेम तेवढाच काळ तग धरतो. जंगलातून येणाऱ्या वाहिनीवर पावसाळ्यात फांदी घासली, तर फिरता पंखा नुसता जरा मंदावतो, पण यूपीएस नसलेला संगणक मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतो. 2005 नंतरची काही वर्षं महाराष्ट्राने भारनियमनात काढली. त्या काळात टंकन शिकलेल्या पिढीची बोटं एसकडे का धावतात, हे वेगळं सांगायला नको.

बरं, एस दाबला म्हणजे झालं असंही नाही. प्रोग्रॅम मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली करतो आणि ती बऱ्याचदा तो आधी रॅममध्येच बाजूला ठेवते, कारण डिस्क संथ असते. लिनक्समध्ये ही बदललेली माहिती 30 सेकंदांपर्यंत अशी थांबून राहू शकते. चांगले प्रोग्रॅम म्हणून सिस्टिमला बजावतात की आत्ताच्या आत्ता लिही. शिवाय जुन्या फाइलवर थेट न लिहिता ते नवी फाइल तयार करतात आणि ती पूर्ण झाल्यावरच तिला जुनीचं नाव देतात. मधेच वीज गेली तर निदान जुनी प्रत शाबूत राहते. एसएसडीतली नोंदही शेवटी विद्युतभारच असते, मात्र तिथले इलेक्ट्रॉन विद्युतरोधक थरांआड कोंडलेले असतात. त्यामुळे रॅममध्ये मिलिसेकंदांत ओसरणारा भार तिथे वर्षानुवर्षं टिकतो.

आता प्रश्न बोटांचा. यूपीएस आला, लॅपटॉपला बॅटरी आली, तरी ती का थांबत नाहीत? रिचर्ड सॉलोमन आणि लायमन विन यांनी 1953 साली कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. आज तो वाचताना वाईट वाटतं. इशारा मिळाल्यानंतर दहा सेकंदांत उडी मारून पलीकडच्या कप्प्यात गेलं नाही, तर विजेचा झटका बसे. कुत्री काही वेळांतच उडी शिकली. पुढे झटका पूर्ण बंद केला, तरी ती शेकडो वेळा उड्या मारतच राहिली. झटका आता नाहीच, हे कळायला एकदा तरी उडी न मारता थांबायला हवं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. सेव्ह करणाऱ्या हाताचं असंच आहे. मजकूर शाबूत राहिला, की श्रेय बोटांना जातं.

सवय किती खोल जाते याचा पुरावा जुन्या मंडळींकडे मिळेल. वर्डस्टार या जुन्या लेखन-प्रोग्रॅममध्ये सेव्ह करायला कंट्रोल-के आणि मग एस दाबावा लागे. नुसत्या कंट्रोल-एसने कर्सर एक अक्षर डावीकडे सरके. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये आजही सवयीने कंट्रोल-एस दाबला की पडदा गोठतो. नवखे घाबरून खिडकीच बंद करतात, खरं तर कंट्रोल-क्यू दाबला की तो सुटतो.

मला सगळ्यांत मोलाचे वाटतात ते दोन प्रयोग. बेंजामिन स्टॉर्म आणि शॉन स्टोन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात लोकांना एका फाइलमधले शब्द वाचायला दिले आणि नंतर दुसऱ्या फाइलमधले पाठ करायला लावले. पहिली फाइल मधल्या वेळात सेव्ह करू दिली, तर दुसरीतले शब्द अधिक चांगले लक्षात राहिले. जुनं सुरक्षित आहे म्हटल्यावर मनाने त्याचं ओझं उतरवलं. सेव्ह करण्याची सोय बेभरवशाची आहे असं लोकांना वाटलं, तेव्हा मात्र हा फायदा दिसेनासा झाला. हे संशोधन 2015 साली छापून आलं. म्हणजे सेव्हचं बटण मशीनच्या डिस्कइतकंच आपल्या डोक्यासाठीही काम करतं, पण भरवसा असेल तरच.

दुसरा प्रयोग उलट बाजू दाखवतो. नेदरलँड्समधले मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी 2003 साली लोकांना पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली. काय तपासलं ते लोकांना बरोबर आठवत होतं, पण ती आठवण फिकी झाली होती आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास घसरला होता. लागोपाठ तीनदा एस दाबणाऱ्याला चौथ्यांदा दाबावासा का वाटतो, त्याचं उत्तर इथे असावं. एकदा दाबून पडद्यावर स्पष्ट खूण दिसली, तर हात थांबतो. कित्येक प्रोग्रॅम ती खूण देतच नाहीत.

आता वर्ड ठरावीक वेळाने आपोआप प्रत ठेवतो, गूगल डॉक्स अक्षरागणिक. तिथे बोटांनी निवांत राहायला हरकत नाही. पण कुंडमच्या ऑपरेटरसमोर असतो ब्राउझरमधला अर्ज, आणि तिथे कंट्रोल-एस निरुपयोगी आहे. ब्राउझर त्या पानाची प्रत संगणकावर उतरवून घेतो. भरलेला अर्ज सर्व्हरकडे जात नाही. नेटवर्क तुटलं किंवा सत्राची मुदत संपली, की नाव-गाव-खसरा क्रमांकापासून पुन्हा सुरुवात. समोर बसलेला शेतकरी मजुरी बुडवून आलेला असतो. त्याच्या त्या दिवसाची भरपाई कुणीही करत नाही.

हे टाळणं अवघड नाही. ब्राउझरला स्वतःची छोटी साठवण असते. प्रत्येक रकाना भरताक्षणी तिथे नोंदवता येतो, वीज आल्यावर अर्ज होता तिथून पुढे नेता येतो आणि नेटवर्क परतल्यावर पाठवता येतो. हे तंत्र बरीच वर्षं उपलब्ध आहे. सरकारी संकेतस्थळांच्या निविदांमध्ये ही अट सक्तीची हवी, आणि ‘जतन झाले’ ही ठळक खूणही हवी. तिच्या जोडीला आणखी एक अट: अर्ज पोचला की दुकानातल्या संगणकावरची नोंद आपोआप पुसली गेली पाहिजे. तिच्यात आधार क्रमांक असतो, बँकेचं खातं असतं, आणि पुढच्या पाच मिनिटांत त्याच पडद्यासमोर दुसरा अर्जदार येऊन बसतो.