रेघेतून सूर: ओरॅमिक्स यंत्राचा दुसरा जन्म

ओरॅमिक्स या यंत्राला वाजवण्याच्या पट्ट्या नव्हत्या. त्यावर संगीत लिहावं लागे, आणि तेही ब्रशनं, शाईनं, काचेवर आणि फिल्मवर. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात हॉप्स वाळवायच्या एका जुन्या भट्टीचं घर करून डॅफ्नी ओरम यांनी ते १९६० च्या दशकात उभं केलं.

ओरमबाई १९४३ साली, सतराव्या वर्षी बीबीसीत ध्वनिविभागात लागल्या. तिथल्या प्रशिक्षणात त्यांनी ऑसिलोस्कोप पाहिला. आवाज आत गेला की पडद्यावर त्याची रेघ उमटते, मग रेघ आत घातली तर आवाज का निघू नये, हा प्रश्न त्यांनी तेव्हापासून धरून ठेवला. १९५८ मध्ये बीबीसीचं रेडिओफोनिक वर्कशॉप सुरू करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पण वर्षभरातच नोकरी सोडून त्या स्वतःच्या कामाला लागल्या. १९६२ मध्ये गुलबेंकियन फाउंडेशनचं अनुदान मिळालं आणि अभियंता ग्रॅहम रेंच यांच्या मदतीनं प्रश्नाला यंत्राचा आकार येऊ लागला.

यंत्राचे भाग दोन. पहिल्यात ३५ मिलिमीटर फिल्मच्या दहा पट्ट्या एकाच मोटरवर शेजारी-शेजारी सरकतात. काहींवर स्वर ठरवणारे काळे ठिपके, तर काहींवर हातानं काढलेल्या आकृत्या: आवाज कधी चढावा, कंप किती असावा, घुमारा किती मिसळावा. खालचे प्रकाशसंवेदक उजेड-अंधार वाचून त्याचा विद्युतदाब करतात. हार्मोनियमवर बोट ठेवलं की सूर तयार मिळतो; ओरमबाईंना तयार सूर नको होता, त्याचा उगम आणि अस्तही स्वतः ठरवायचा होता.

दुसरा भाग आवाजाचा पोत घडवतो. काचेच्या पट्टीवर लहरीचा आकार काढायचा आणि रेघेखालचा भाग काळ्या रंगानं भरायचा. काचेमागच्या चित्रनळीवर उजेडाचा ठिपका डावीकडून उजवीकडे धावतो. तो रंगाच्या वर आला की समोरच्या संवेदकाला उजेड दिसतो आणि विद्युत मंडल ठिपक्याला खाली ढकलतं. रंगाआड गेला की वर उचलतं. त्यामुळे ठिपका बरोबर रंगाच्या काठावरून चालतो. त्याला वर-खाली करणारा विद्युतदाब हीच ध्वनिलहर. सेकंदाला ४४० फेऱ्या झाल्या तर ४४० हर्ट्झचा सूर. एका वेळी एकच सूरओळ निघे. त्या टेपवर एकावर एक चढवून रचना पुरी करावी लागे.

ओरमबाई २००३ मध्ये गेल्या. नंतर यंत्र लंडनच्या सायन्स म्युझियमकडे आलं आणि २०११ मध्ये प्रदर्शनात मांडलं गेलं, पण ते चालू करण्याच्या अवस्थेत नव्हतं. म्हणून गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातल्या मिक ग्रिअरसन यांनी त्याचं सॉफ्टवेअर रूप केलं. पडद्यावर बोटानं लहर काढायची, पट्ट्यांवर रेघा ओढायच्या आणि ऐकायचं.

वरवर पाहता हे सोपं काम. संगणकाला रेघ म्हणजे आकड्यांची यादी. ती सेकंदाला हव्या तितक्या वेळा वाचली की झालं. अडचण टोकदार कोपऱ्यांवर येते. उभी भिंत काढली तर मूळ यंत्रातल्या ठिपक्याला तिथं क्षणात उडी मारता येत नसे. तो जरा मागे पडे आणि कोपरा आपोआप गोल होई. संगणक तो कोपरा जसाच्या तसा वाचतो, आणि मग वरच्या सप्तकात कुणीही न लिहिलेले खोटे सूर किणकिणू लागतात. त्यांना आवरायला कोपरा गणितानं घासावा लागतो. मोटरची थरथर, फिल्मवरचे ओरखडे, संवेदकाची खरखर हेही हवं असेल तर एकेक करून मुद्दाम घालावं लागतं. जुन्या यंत्रात जे फुकट मिळे, त्याची इथं किंमत मोजावी लागते.

तरी सॉफ्टवेअर करणं म्हणजे मूळ कल्पनेशी प्रतारणा, असं म्हणता येत नाही. उतारवयात ओरमबाई स्वतःच संगणकाकडे वळल्या होत्या आणि ओरॅमिक्सची संगणकीय आवृत्ती लिहू पाहत होत्या. त्यांना मोह लोखंडाचा नव्हता, रेघेचा होता.

मात्र एक गोष्ट निसटते. मूळ यंत्रावर रेघ काढायची, रंग वाळू द्यायचा, पट्ट्या जुळवायच्या आणि मग ऐकायचं. तोवर सूर मनातच धरावा लागे. पडद्यावर आवाज बोटाबरोबर बदलतो, त्यामुळे हात कानामागे धावतो. कल्पना करण्याची सक्ती उरत नाही. संशोधक टॉम रिचर्ड्स यांनी २०१६ मध्ये वेगळी वाट धरली. ओरमबाईंनी योजलेलं, पण पुरं न झालेलं ‘मिनी-ओरॅमिक्स’ त्यांनी त्या काळच्याच तंत्रानं बांधलं आणि आजच्या संगीतकारांच्या हाती दिलं. त्यावर पुन्हा आधी रेघ, मग आवाज.

जुनं वाद्य सॉफ्टवेअरमध्ये आणणारे बहुतेक जण आवाज जुळला की काम झालं असं मानतात. ओरॅमिक्सला ही कसोटी अपुरी आहे. ते संगीत योजण्याची एक पद्धत होती, आणि पद्धत जपायची तर सॉफ्टवेअरनं कधीकधी गप्प राहायला शिकलं पाहिजे. रेघ पुरी होईपर्यंत आवाज बंद ठेवायला एक साधा खटका पुरेल.