झाड तेच, मग टोमॅटो दर ऋतूत निराळा का?



वाण तोच, खत तेच, राबणारे हातही तेच. पण पौषात तोडलेला टोमॅटो लालभडक आणि आंबटगोड निघतो, तर चैत्र-वैशाखातला देठाकडे पिवळाच राहतो. आडत्या क्रेटमध्ये हात घालतो, चार फळे उलटीपालटी करतो आणि भाव पाडतो. घरी मग बियाणेवाल्याचा तरी उद्धार होतो, नाही तर खत टाकणाऱ्या भावाचा! बहुतेक वेळा दोघेही निर्दोष असतात.

यावर कुणी सुचवील, की पॉलिहाऊस उभारा, माती काढून टाका, नळीने मोजून अन्न द्या, म्हणजे बारा महिने एकसारखा माल! मातीविना शेतीची ही कल्पना जुनीच आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डॉ. गेरिक यांनी खते विरघळवलेल्या पाण्यावर टोमॅटोची उंच झाडे वाढवून दाखवली आणि १९३७ साली या पद्धतीला 'हायड्रोपोनिक्स' हे नाव मिळाले.

आज हॉलंडच्या वेस्टलँड भागात काचेची घरे दूरवर पसरलेली आहेत. दगड वितळवून केलेल्या लोकरीच्या लाद्यांत मुळे असतात आणि पाणी, खत, ऊब सारे यंत्र मोजते. ऋतू मात्र तेथेही आत शिरतोच. तेथे डिसेंबरात दिवसाचा सूर्यप्रकाश जूनच्या जेमतेम दहावा हिस्सा असतो. फळातली साखर पानात, उन्हावर तयार होते. ती खताच्या टाकीत मिळत नाही. तिथल्या फिक्या टोमॅटोला जर्मन गिऱ्हाइकांनी १९९० च्या सुमारास 'पाण्याचा बॉम्ब' असे नाव ठेवले होते! बागायतदारांनी मग चवीचे वाण घेतले, पुढे पुष्कळांनी दिवेही लावले. कमी उजेडाच्या दिवसांत ते टाकीतले क्षार वाढवतात. झाड पाणी कमी ओढते, फळ लहान राहते, पण चव दाट होते. उन्हाळ्यात झाड भराभर पाणी पिते, म्हणून द्रावण पातळ करतात. तसे केले नाही तर फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही आणि बूड काळे पडते.

आपले गणित उलटे आहे. आपल्याला उन्हाची वाण नाही, उष्णता नडते. टोमॅटोचा लाल रंग वीस ते पंचवीस अंशांत उत्तम भरतो. पारा तीस-बत्तीसच्या वर राहिला की तो रंग तयार होणे थांबते, पिवळा मात्र होत राहतो. उघड्या फळाचे अंग तर हवेहूनही तापते. म्हणून उन्हाळी प्लॉटची पाने फार छाटू नका. रंग फुटताच फळ तोडा आणि सावलीत, वाऱ्यावर पिकवा. बराचसा माल लाल होईल. पाणी एकदम लोटू नका, थोडे थोडे पण नियमित द्या. श्रावणात ढगांमुळे गोडी उतरते आणि ओढीनंतर जोराचा पाऊस झाला की फळे तडकतात, हे आपण पाहतोच.

एक भेद मात्र ओळखा. उष्णतेचा पिवळेपणा देठाभोवती असतो. साऱ्या फळावर पट्टे, डाग आले तर रोगाची शंका घ्या. २०२० साली जुन्नर-संगमनेरकडे असा 'तिरंगा' माल निघाला, तेव्हा बंगळूरच्या तपासणीत काकडी मोझॅकचा विषाणू आढळला. तो मावा पसरवतो. तेथे सावलीचा उपयोग नाही.

आणि पॉलिहाऊससाठी कर्ज काढण्यापूर्वी एवढे विचारा, की एप्रिलच्या दुपारी आत पारा कितीवर जातो? माहितीपत्रकाच्या चित्रात तो दिसत नसतो. नुसत्या खिडक्यांच्या पॉलिहाऊसमध्ये आत बाहेरपेक्षा जास्त तापते. टाकीतले पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी राहतो आणि मुळे गुदमरतात. पस्तीस अंशांपुढे फुलातला परागही निकामी होऊ लागतो. मग फळ धरणार कसे? पाऊस आणि किडीपासून आडोसा मिळतो हे खरे, पण गारवा विकतच घ्यावा लागतो, विजेच्या बिलावर.

भगिनींनो, सॉस घरी करायचा असेल तर पौष-माघातली फळे घ्या. रंग टाकावा लागत नाही, साखरही कमी लागते. आणि अर्धकच्ची फळे फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने ती नीट पिकत नाहीत आणि वासही जातो. टोपलीत, एका थरात, देठ खाली करून ठेवा.