ग्राहकाला तुमची साइट उघडत नाहीये? आधी हे तपासा

जाहिरातीवर पैसे घातले, लिंक व्हॉट्सॲपवर फिरवली आणि ग्राहकाला दिसतंय ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’! तो पैसे भरणार नाही, आणि तुम्हाला कळवणारही नाही. लगेच ‘हॅक झालं’ म्हणून घाबरू नका. एकाच ग्राहकाला दिसत असेल तर त्याच्या मोबाइलची तारीख-वेळ बघायला सांगा. सगळ्यांनाच दिसत असेल तर बहुतेक साइटचं एसएसएल सर्टिफिकेट संपलंय. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. ते आपोआप रिन्यू व्हायला हवं, पण कधीकधी अडकतं. होस्टिंगवाल्याला फोन करून रिन्यू करून घ्या. (होस्टिंगचा लॉगिन साइट बनवणाऱ्या पोराकडे नाही, तुमच्याकडेच हवा!) ‘ॲडव्हान्स्ड दाबून पुढे जा’ असं ग्राहकाला सांगू नका. आणि दुरुस्ती होईपर्यंत जाहिरात बंद ठेवा, नाहीतर क्लिकचे पैसे जातच राहतील.