सटवीनं न लिहिलेलं मरण

जुलै लागला की पन्हाळगड ते पावनखिंड मोहिमांच्या बातम्या सुरू होतात. चिखल, धुकं, खिंडीतल्या घोषणा, बाजीप्रभूंची आठवण. शिवा काशीद मात्र दोन ओळींत उरकला जातो. मला तर तोच या कथेचा गाभा वाटतो.

मरण चुकत नाही, हे सांगणाऱ्या गोष्टींत बहुधा माणूस पळतो आणि पळायची वाटच त्याला मरणाच्या दारात नेते. सॉमरसेट मॉमनं १९३३ साली सांगितलेल्या गोष्टीतला बगदादचा नोकर बाजारात मृत्यूला पाहून समाराला पळतो. मृत्यूनं त्याला त्या रात्री गाठायचं ठरवलेलं असतं तेही समारातच. आपला परीक्षित एका खांबावरच्या महालात पहारे बसवून राहतो. सातव्या दिवशी तक्षक फळातली अळी होऊन आत शिरतो. आपल्याकडे पाचवीला पाट्यावरवंट्यापुढे कोरा कागद नि लेखणी ठेवतात, ती याच समजुतीनं. सटवी रात्री येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते आणि ते खोडता येत नाही.

कोल्हापूरकडच्या लेखकांना मात्र न पळणाऱ्यानं ओढ लावली. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ मध्ये आली, कोवाडच्या रणजित देसाईंची 'राधेय' १९७३ मध्ये. एकाच जिल्ह्यातल्या दोघांनी कर्णच निवडावा, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. इंद्र ब्राह्मणाच्या वेशात येणार हे सूर्यानं आधीच बजावलेलं असतं, तरी कर्ण कवचकुंडलं उतरवून देतो. शाप दुसऱ्यांनी दिलेले. दान त्याचं स्वतःचं. कोल्हापुरात स्थायिक झालेल्या खांडेकरांचा 'ययाति' (१९५९) ही त्याची उलटी बाजू: मुलाचं तारुण्य उसनं घेऊन म्हातारपण टाळू पाहणारा राजा.

आता शिवाकडे या. जुलै १६६०, सिद्दी जौहरचा वेढा, पावसाळी रात्र, दोन पालख्या. एकीत शिवाजी महाराज. दुसरीत त्यांच्यासारखा दिसणारा, त्यांचाच पेहराव केलेला नेबापूरचा नाभिक शिवा काशीद. परंपरा सांगते की ती पालखी पकडली जाण्यासाठीच निघाली होती. सोंग उघडं पडलं की शत्रू जिवंत सोडणार नाही, हे त्याला गड उतरण्याआधीच ठाऊक होतं.

परीक्षिताला शाप होता, कर्णाला होते. शिवाला कुणाचाच नव्हता. नाही म्हणाला असता तर कदाचित नेबापुरात नातवंडं खेळवली असती. म्हणून त्याच्या मरणाला नियती म्हणणं मला मान्य नाही. 'त्याच्या नशिबी हौतात्म्य होतं' असं भाषणात सहज बोललं जातं आणि त्या एका वाक्यात त्याचा निर्णय पुसला जातो, श्रेय सटवीच्या खात्यात जमा होतं. पन्हाळ्याला त्याची समाधी आहे. यंदाच्या मोहिमेनं तिथं नुसता हार घालून पुढं सरकू नये, त्याची गोष्ट पुरी सांगावी. महाराजांना खिंडीच्या दिशेनं निसटायला जो वेळ मिळाला, तो त्याच्या पालखीनं मिळवून दिला होता.