कोड डंप व्हायला इतका वेळ का?

फेब्रुवारी उजाडला की छत्रपती संभाजीनगरात प्रोजेक्टचा हंगाम सुरू होतो. पॉलिटेक्निकची मुलं, स्टेशन रोडवरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातली, सिडकोतल्या जेएनईसीतली, शिवाय वाळूजच्या कंपनीत ड्यूटी करून रात्री सोल्डरिंग आयर्न तापवणारे हौशी लोक. यांच्यात एक विषय हमखास सापडतो, तो म्हणजे पाण्याच्या टाकीची पातळी मोबाइलवर दाखवणारं यंत्र. जायकवाडीचं पाणी ज्या शहरात काही दिवसांआड नळाला येतं, तिथं हा प्रोजेक्ट नुसत्या मार्कांसाठी होत नाही.

तक्रारही ठरलेली. “एक आकडा बदलला, तरी कोड डंप व्हायला चार मिनिटं लागतात.” मग केबल बदलली जाते, बोर्ड बदलला जातो, लॅपटॉपलाही बोल लावून होतात. खरं तर आधी एकच गोष्ट पाहायला हवी : हा वेळ नेमका कुठे जातो?

कोड डंप करायला आपण आर्डुइनो आयडीईत, म्हणजे कोड लिहून बोर्डावर पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, बाणाचं बटण दाबतो तेव्हा दोन वेगळी कामं होतात. पहिलं कंपाइल, म्हणजे आपला कोड चिपला कळेल अशा रूपात बदलणं. हे सगळं कॉम्प्युटरवरच होतं, बोर्डाचा त्याच्याशी काही संबंध नाही. दुसरं अपलोड, म्हणजे तयार झालेली फाइल वायरीतून बोर्डात उतरवणं.

ही कामं वेगळी दिसावीत म्हणून फाइल मेनूतल्या प्रेफरन्सेसमध्ये जा. तिथे ‘शो व्हर्बोज आउटपुट’ समोर कंपाइल आणि अपलोड अशा दोन चौकटी आहेत. दोन्हींवर टिक करा. आता खालच्या काळ्या खिडकीत प्रत्येक पायरी दिसेल. ‘स्केच युजेस’ अशी ओळ आली की कंपाइल संपलं. त्या ओळीच्या आधी वेळ जात असेल तर दुखणं कॉम्प्युटरचं, नंतर जात असेल तर वायर, वेग किंवा बोर्डाचं.

आधी कंपाइलचं बघू, कारण बहुतेकांचा वेळ इथेच जातो आणि बहुतेकांचा संशय मात्र केबलवर असतो. साध्या आर्डुइनो उनो बोर्डाचा कोड जुन्या डेस्कटॉपवरही चटकन तयार होतो. ईएसपी३२ या बोर्डाचं तसं नाही. वायफाय, ब्लूटूथ सांभाळायला त्याच्यासोबत शेकडो फायली येतात. पहिल्या वेळी त्यांतल्या बऱ्याच कंपाइल कराव्या लागतात, म्हणून साध्या हार्ड डिस्कवर काही मिनिटं जाणं स्वाभाविक आहे.

दुसऱ्या वेळी मात्र तेवढा वेळ लागता कामा नये. तयार झालेले भाग आयडीई जपून ठेवतं आणि बदललेलाच भाग पुन्हा करतं. दर वेळी पहिल्याइतकाच वेळ जात असेल तर तो साठा कुणीतरी पुसतंय असं समजा. टेम्प फायली साफ करणारं सॉफ्टवेअर रोज चालवणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास होतं. टूल्स मेनूत बोर्ड किंवा त्याची एखादी सेटिंग बदलली तरी बरंचसं काम नव्याने होतं, त्यामुळे ती सेटिंग एकदा ठरवा आणि तिला पुन्हा हात लावू नका.

दुसरा संशयित अँटिव्हायरस. कंपाइल होताना शेकडो लहान फायली उघडतात, बनतात, आणि तो प्रत्येकीची झडती घेतो. विंडोजच्या सुरक्षा सेटिंगमध्ये ‘एक्सक्लूजन्स’ असा भाग असतो, म्हणजे ज्यांची झडती घ्यायची नाही अशा फोल्डरांची यादी. आपल्या नावाच्या फोल्डरात ‘ॲपडेटा’, त्यात ‘लोकल’ आणि त्यात ‘आर्डुइनो१५’ हा फोल्डर असतो. तेवढाच त्या यादीत घाला. अख्खा अँटिव्हायरस बंद करून बसू नका. पेनड्राइव्ह इकडून तिकडे फिरणाऱ्या हॉस्टेलवर ते परवडणारं नाही. कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर हा अधिकार आपल्याला नसतो, तेव्हा लॅब असिस्टंटला विनंती करा. आणि स्केच, म्हणजे आपल्या कोडची फाइल, वनड्राइव्हच्या फोल्डरात असेल तर ते साध्या फोल्डरात हलवा, नाहीतर प्रत्येक सेव्हनंतर ते इंटरनेटवर चढत राहतं.

आता अपलोड. इथे पहिली अडचण येते ती जोडणीची, वेगाची नंतर. उनोवर ‘नॉट इन सिंक’ ही ओळ पुन्हा पुन्हा येते. सॉफ्टवेअर दहा वेळा हाका मारतं आणि मग थकतं, आणि आपल्याला वाटतं की अपलोड हळू चाललंय. तसं नाही, ते सुरूच झालेलं नाही.

असं झालं की बोर्डाच्या ० आणि १ क्रमांकाच्या पिनांकडे बघा. यूएसबीतून येणारा कोड याच दोन पिनांच्या रस्त्याने चिपपर्यंत जातो. ब्लूटूथचं एचसी-०५ मॉड्यूल बहुतेक जण तिथेच जोडतात. त्या दोन वायरी काढा, कोड डंप करा, परत लावा. स्वस्तातल्या नॅनो बोर्डावर हीच ओळ आली तर टूल्समध्ये ‘प्रोसेसर’खाली ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून पाहा. बूटलोडर म्हणजे चिपमध्ये आधीपासून बसलेला, नवा कोड आत घेणारा छोटा प्रोग्रॅम. जुना बूटलोडर ५७६०० वेगाने बोलतो, नवा ११५२०० ने.

ईएसपी३२वर ‘कनेक्टिंग’ पुढे ठिपक्यांची रांग लागते. ठिपके उमटू लागले की बोर्डावरचं ‘बूट’ लिहिलेलं बटण दाबून धरा आणि टक्केवारी सुरू झाली की सोडा. दर वेळी बटण दाबायचा कंटाळा आला तर ‘ईएन’ पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, अधिक टोक ईएनला. बऱ्याच बोर्डांवर एवढ्यानेच भागतं.

तरीही नाही जमलं तर जीपीआयओ १२ या पिनला काय जोडलंय ते पाहा. चिप चालू होताना या पिनवरून ती आपल्या फ्लॅश मेमरीला, म्हणजे कोड साठवण्याच्या जागेला, किती व्होल्ट द्यायचे ते ठरवते. टाकीची मोटर चालू-बंद करणारा रिले तिथे लावला आणि त्याने ती पिन वर खेचली, तर ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट मिळतात आणि कोड लिहिलाच जात नाही. रिले दुसऱ्या पिनवर न्या.

आता खरा वेग. टूल्स मेनूत ‘अपलोड स्पीड’ असतो. ११५२०० म्हणजे सेकंदाला तेवढे बिट. एका बाइटला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला साधारण साडेअकरा हजार बाइट. उनोची सगळी मेमरी ३२ किलोबाइट. ती काठोकाठ भरली तरी लिहायला तीन सेकंद, परत वाचून तपासायला तीन. उनोवर यापेक्षा फार जास्त वेळ जात असेल तर वेगाकडे नव्हे, वर सांगितलेल्या जोडणीकडे बघा.

वायफायचा कोड मात्र सहज एक मेगाबाइटच्या आसपास जातो. ११५२०० ने तो नुसता पाठवायचा म्हटला तर दीड मिनिट. पाठवणारं सॉफ्टवेअर तो आधी दाबून लहान करतं, तरी मिनिटभर जातोच. ९२१६०० ने हेच काम काही सेकंदांत होतं. ईएसपी३२चा वेग मुळात ९२१६०० असतो, पण कधीतरी जोडणी जमली नाही म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून तो खाली आणलेला असतो आणि तसाच राहतो. ईएसपी८२६६ चिपच्या नोडएमसीयू बोर्डावर तर मुळातच ११५२०० असतो. वाढवून पाहा. मध्येच तुटत असेल तर ४६०८०० वर या.

इथे एक गल्लत फार जण करतात. कोडमध्ये ‘सीरियल बिगिन’च्या कंसात लिहिलेला ९६०० हा आकडा वाढवून अपलोड वेगवान होत नाही. तो बोर्ड चालू झाल्यावर स्क्रीनवर मजकूर पाठवण्याचा वेग आहे.

मोठ्या वेगाला चांगली केबल लागते. मोबाइल चार्जरसोबत आलेल्या काही केबलींत डेटाच्या तारा नसतातच; बोर्डावरचा लाल दिवा लागतो, पण पोर्टच्या यादीत काही दिसत नाही. हाताच्या लांबीची, डेटा जाणारी केबल ठेवा आणि हब न वापरता थेट लॅपटॉपला लावा. रिले किंवा मोटर त्याच यूएसबीवर चालत असेल तर अपलोडपुरती काढा.

अपलोड झाल्यावर ईएसपी३२ ‘हार्ड रीसेटिंग’ अशी ओळ दाखवतो, आणि तिच्या शेवटी तीन टिंबं असतात. ती पाहून लोक ताटकळत बसतात. काम तिथेच संपलेलं असतं.

यंत्र गच्चीवरच्या टाकीला लागलं की लॅपटॉप घेऊन जिने चढणं आलं. त्यावर उपाय ओटीए, म्हणजे वायफायवरून कोड पाठवणं. पहिला कोड वायरीनेच घाला, त्यात ‘आर्डुइनो ओटीए’ ही लायब्ररी असू द्या, आणि पुढच्या प्रत्येक कोडमध्येही ती ठेवा. एकदा विसरलात की जिना चुकत नाही. टूल्स मेनूतल्या ‘पार्टिशन स्कीम’मध्ये ‘ह्यूज ॲप’ निवडलं असेल तर ओटीए चालणार नाही, कारण जुन्या कोडशेजारी नवा उतरवायला दुसरी जागाच उरत नाही. लॅपटॉप आणि बोर्ड एकाच राउटरवर हवेत, आणि विंडोजच्या फायरवॉलने परवानगी विचारली तर हो म्हणा. ओटीएने फक्त पाठवण्याची सोय होते, कंपाइलचा वेळ तेवढाच राहतो.

एवढं करूनही अडलं आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर शेवटच्या लाल ओळीचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नका. काळ्या खिडकीतला पहिल्या ओळीपासूनचा सगळा मजकूर कॉपी करून द्या, आणि बोर्डाचं नाव व कुठल्या पिनला काय जोडलंय तेही लिहा.