पडद्यावरचं बीपी आणि पंपातलं औषध

घरातल्या कुणाला हृदय कमजोर झालं म्हणून आयसीयूत ठेवतात. दुसऱ्या दिवशी पडद्यावर बीपी चांगलं दिसतं आणि घरचे म्हणतात, "आता बरं आहे, घरी नेऊ या." खर्चाची धास्तीही असतेच. पण घाई करण्याआधी एवढं ऐका.

हृदय म्हणजे विहिरीवरची मोटार समजा. तिचा जोर कमी झाला की शेवटच्या नळाला पाणी पोचत नाही. तसंच शरीराचं होतं. हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, माणूस गुंगीत जातो. अशा वेळी शिरेतून औषध देतात. डोब्युटामिननं हृदय जोरानं आकुंचन पावतं. नॉरएड्रेनालिन रक्तवाहिन्या आवळून उतरलेलं बीपी वर आणतं. बीपी पुरेसं असेल, पण फुप्फुसात पाणी साचून दम लागत असेल, तर नायट्रोग्लिसरीन रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरचा भार हलका करतं. कुणाला काय द्यायचं, ते डॉक्टर तपासून ठरवतात.

या औषधांचा असर काही मिनिटांतच ओसरतो. म्हणून ती सिरिंज पंपातून सतत, मोजून देतात. पंप अचानक थांबला तर बीपी कोसळू शकतं. म्हणजे पडद्यावरचा आकडा औषधाच्या टेकूवर उभा असतो. भिंतीला टेकू दिला म्हणजे भिंत दुरुस्त झाली असं नाही. हार्ट अटॅक, खराब झडप, जंतुसंसर्ग, जे मूळ कारण असेल त्यावर उपचार व्हायलाच हवा.

हा टेकू फार दिवस ठेवणंही बरं नाही. ठोके बिघडू शकतात, बोटांचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. औषध शिरेबाहेर झिरपलं तर कातडी खराब होते. सुईजवळ सूज किंवा आग वाटली, तर लगेच सिस्टरला सांगा. पंपाला आपण हात लावू नये.

डॉक्टरांना रोज विचारा: पंपावर कोणती औषधं आहेत? कालपेक्षा डोस वाढला की कमी झाला? लघवी किती झाली? मूळ कारणावर काय चाललंय?

दुसऱ्या दवाखान्यात न्यायचं असेल तर साधी गाडी चालणार नाही. चार्ज केलेला पंप, औषधाची जादा सिरिंज आणि सोबत जाणकार माणूस हवा.

डोस हळूहळू कमी होऊन पंप सुटला आणि त्यानंतरही बीपी टिकलं, की मग घरी जायचं कधी ते डॉक्टरांना विचारा.