जुना घडीचा चाकू : त्याची घडण आणि पारख

चाकू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दोनच चित्रे उभी राहतात. एक स्वयंपाकघरातल्या सुरीचे आणि दुसरे चित्रपटातल्या रामपुरीचे. सुरी इतकी परिचयाची की तिच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. रामपुरी इतका बदनाम की चारचौघांत त्याचे नाव काढण्याचा संकोच वाटावा. पण ह्या दोहोंच्या मध्ये चाकूची एक तिसरी जात आहे. ती एके काळी कारकुनाच्या, शाळामास्तरांच्या, माळ्याच्या आणि खलाशाच्या खिशात असे. पेन्सिलीला टोक काढावे, सुतळी तोडावी, कलमाचा डोळा भरावा, आणि ह्या दिवसांत आंब्याची फोड कापावी, अशी तिची साधी कामे. इंग्रजीत तिला जॅक-नाइफ म्हणतात. आज जगात पुष्कळ लोक असे जुने चाकू हौसेने जमवितात. एवढ्या क्षुल्लक वस्तूत जमविण्यासारखे काय आहे, असा प्रश्न कोणाही सुज्ञास पडेल. त्याचेच उत्तर येथे द्यावयाचे आहे.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. ज्या चाकूची सर्व पाती मुठीच्या एकाच टोकाशी जोडलेली असतात तो जॅक-चाकू. पाती दोन्ही टोकांना असली तर तो बहुधा पेन-नाइफ. पेन-नाइफ हे नाव पिसाची लेखणी तासण्यावरून पडले. आपल्याकडे बोरू तासावयास चाकू लागे, तोच प्रकार. जॅक ह्या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मात्र पंडितांत एकमत नाही.

आता घडण पाहू. मुठीच्या आत दोन बाजूंस पितळेचे किंवा लोखंडाचे पातळ पत्रे असतात. त्यांच्यामध्ये, पाठीच्या अंगाने, पोलादाची एक लांब पट्टी बसविलेली असते. ही त्या चाकूची कमान. ती मधोमध आणि मागच्या टोकाशी खिळ्यांनी पक्की केलेली असते. पुढचे टोक मोकळे असून ते पात्याच्या बुडख्यावर सतत दाबून राहते. हा बुडखा चौकोनी घडविलेला असतो. पाते पूर्ण उघडले की त्याची एक सपाट बाजू कमानीखाली येते, मिटले की दुसरी. मधल्या वाटेत बुडख्याचा कोपरा कमानीला वर उचलतो आणि कोपरा सरकला की कमान खाडकन खाली बसते. चाकू मिटताना जो आवाज होतो तो हाच. शौकीन लोक इंग्रजीत म्हणतात की, पाते कसे 'चालते' आणि कसे 'बोलते' ते आधी पाहावे. शंभर वर्षांनंतरही ज्याचे पाते अडखळल्यावाचून चालते आणि स्पष्ट बोलते, तो चाकू कसबी हातचा समजावा.

रामपुरीहून ह्याचा मोठा फरक येथेच आहे. रामपुरीचे पाते उघडले की खटक्यात अडकते. खटका दाबल्याखेरीज मिटत नाही. जॅक-चाकूस खटका नाही. त्याने कोणास भोसकू जावे तर पाते उलटून भोसकणाऱ्याच्याच बोटांवर मिटण्याचा संभव. म्हणजे हे कामाचे हत्यार, कज्जाचे नव्हे.

ह्या चाकूंचे माहेरघर म्हणजे इंग्लंडातले शेफील्ड. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने आपल्या काव्यात शेफील्डच्या चाकूचा उल्लेख केला आहे, आणि १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने तेथे चाकूकारांची संस्था स्थापन झाली. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांवर पाणचक्क्या चालत. त्यांवर सहाणा फिरत. आणि सहाणांना लागणारा वालुकामय दगड आसपासच मिळे. १७४० नंतरच्या दशकात बेंजामिन हंट्समन ह्याने मुशीत पोलाद वितळवून ते एकजीव करण्याची रीत काढली आणि शेफील्डच्या पात्याची कीर्ती जगभर झाली.

एक चाकू पुरा व्हावयास अनेक हात लागत. लोहार पाते घडवी, सहाणेवाला त्याला रूप व धार देई, आणि जोडारी कमान, पत्रे, मूठ हे सारे कानशीने जुळवून खिळे ठोकी. ह्यांतले पुष्कळसे लहानशा भाड्याच्या खोलीत स्वतंत्रपणे काम करीत; त्यांना तेथे 'लिटल मेस्टर', म्हणजे छोटे उस्ताद, म्हणत. ह्यांत सर्वांत वाईट दशा सहाणेवाल्यांची. सहाणेवर ओणवे बसून काम करताना दगडाची आणि पोलादाची धूळ त्यांच्या छातीत जाई. 'सहाणेवाल्यांचा दमा' म्हणून ह्या रोगाची नोंद एकोणिसाव्या शतकात शेफील्डच्याच डॉक्टरांनी केली. कोरड्या सहाणेवर काम करणारे कितीतरी लोक चाळिशीच्या आत मरत. जुन्या पात्यावरची सुबक उतरण आपण कौतुकाने पाहतो, तेव्हा हेही ध्यानात असावे.

मुठीची कथा निराळी, आणि तिचे एक टोक आपल्या देशात आहे. मुठीवर हाड, शिंग, शिंपला, हस्तिदंत, काळे लाकूड असे नाना पदार्थ चढवीत. त्यांत खरबरीत, हातातून न निसटणारी सांबरशिंगाची मूठ विशेष नावाजलेली. सांबराची शिंगे वेळोवेळी गळून पडतात. हिंदुस्थानच्या रानांत वेचलेली अशी शिंगे जहाजांतून शेफील्डला जात, तेथे चाकूवर चढत, आणि त्यांतले काही चाकू पुन्हा आपल्याच बाजारात विकावयास येत! ज्यांना शिंग परवडत नसे त्यांच्यासाठी गुराच्या हाडावर खाचा पाडून, ते रंगवून, शिंगाचा आभास निर्माण करीत. पुढे हे खाचांचे हाडच इतके आवडते झाले की अमेरिकेतील संग्राहक आज त्याच्या रंगछटांवरून वाद घालतात. येथे एक इशारा. हस्तिदंताच्या व्यापारास आपल्या देशात कायद्याने बंदी आहे, आणि वन्य प्राण्यांच्या इतर अवयवांसही कडक नियम आहेत. तेव्हा अशा मुठीच्या खरेदीच्या मोहात न पडणे बरे.

चाकूचे वय कसे ओळखावे? त्याची जन्मपत्रिका पात्याच्या बुडख्यावर ठोकलेली असते. जोसेफ रॉजर्स ह्या विख्यात पेढीची खूण चांदणी आणि माल्टाचा क्रूस. ती १६८२ पासूनची. पुष्कळ इंग्रजी चाकूंवर मुकुट आणि राजाची अक्षरे असतात. 'व्ही. आर.' असले तर ती व्हिक्टोरिया राणीची, म्हणजे माल १९०१ पूर्वीचा, 'जी. आर.' असले तर बहुधा १९१० नंतरचा. जर्मनीतून येणाऱ्या मालावर शेफील्डचे नाव ठोकण्याची लबाडी वाढली, तेव्हा ब्रिटनने १८८७ मध्ये मालखुणांचा कायदा केला. १८९० च्या अमेरिकन जकात कायद्याने परदेशी मालावर देशाचे नाव घालणे भाग पाडले. म्हणून 'इंग्लंड' हा शब्द असला तर चाकू साधारणतः त्यानंतरचा समजतात. सैन्यासाठी केलेल्या चाकूंवर बाणाची खूण आणि बहुधा साल असते. त्यांना पात्याखेरीज डबा उघडण्याचे हत्यार आणि दोराची गाठ सोडविण्याचा टोच्या असतो. अमेरिकेतील केस कंपनीने तर १९७० मध्ये बुडख्यावर दहा ठिपके घातले आणि दरवर्षी एकेक कमी केला. ठिपके मोजा, साल सापडते.

ही अक्षरे किती मोलाची असतात ते मला फार उशिरा कळले. आमच्या घरी दोन पात्यांचा एक चाकू होता. वडील गेल्यावर तो माझ्याकडे आला. काळवंडलेला दिसला म्हणून मी पॉलिश कागद घेऊन दोन दुपारी तो घासला आणि आरशासारखा लखलखीत केला. बुडख्यावर मुकुट होता एवढे आठवते. खालची अक्षरे मी माझ्या हाताने पुसून टाकली. ती 'व्ही. आर.' असती तर चाकू आजोबांचा, 'जी. आर.' असती तर वडिलांनी घेतलेला. घरात विचारावे असे आता कोणी उरलेले नाही.

म्हणून संग्राहकाचा पहिला नियम हा की, जुना चाकू चकचकीत करू नये. पोलादावर वापराने चढलेली करडी झाक हा मळ नव्हे. तांबडा गंज तेवढा मऊ फडक्याने आणि तेलाने हळूहळू काढावा. सांध्यात तेलाचा एक थेंब घालावा. चाकू चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षे ठेवू नये. चामडे कमावण्याच्या द्रव्याने पाते गंजते. सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू निराळे ठेवावेत, कारण हा पदार्थ जुना झाला की विघटतो आणि त्याच्या वाफेने शेजारचीही पाती खराब होतात. विकत घेताना चाकू उजेडाकडे धरून कमान आणि पत्रे ह्यांच्या मधून फट दिसते का ते पाहावे. पाते डुलते का, दोन्ही बाजूंची मूठ एकाच वयाची दिसते का, हेही पाहावे. नवी मूठ आणि जुने पाते ह्यांचे लग्न लावणारे भटजी ह्या धंद्यातही आहेत.

किमती चाकू तोच चांगला, असे मात्र समजू नये. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात रॉजर्सने पंच्याहत्तर पात्यांचा व हत्यारांचा 'नॉरफोक' चाकू मांडला होता. कारागिरी अचाट, पण खिशात मावेल असा तो नव्हताच. उलट बार्लो नावाचा स्वस्त चाकू पाहा. एक पाते किंवा दोन, आणि मुठीच्या तोंडाशी लांब लोखंडी टोपी. मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरला असाच एक बक्षीस मिळतो. तो काही कापत नाही, तरी बार्लो आहे ह्याच आनंदात तो पोर हुरळून जातो. असे चाकू लाखांनी खपले, पण जुने व धड फार थोडे उरले; कारण लोकांनी ते वापरून संपविले. शोभेची वस्तू पेटीत टिकते, कामाची वस्तू कामात झिजते. धार लावून लावून अर्धे झालेले पाते बाजारात कमी भावाचे. पण ते कोणत्या कामात झिजले हे वाचू लागलो की त्याचे मोल निराळेच वाटू लागते.

शेफील्डच्या छोट्या उस्तादांपैकी स्टॅन शॉ हे १९२६ मध्ये जन्मले आणि २०२१ मध्ये वारले. सत्तर वर्षांहून अधिक काळ ते घडीचे चाकू घडवीत राहिले; एलिझाबेथ राणीसाठीही त्यांनी चाकू केला. पाते, कमान, मूठ हे सारे एकट्याने करणारे हात आता फार थोडे राहिले आहेत.

आपल्याकडे असे चाकू मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात कधीमधी दिसतात. पण त्याआधी घरचे कपाट पाहावे. एखाद्या खणात, जुन्या किल्ल्यांच्या आणि मोडक्या चष्म्यांच्या खाली, असा एखादा चाकू पडला असेल. तो मिळाला तर घासू नका. भिंग घेऊन बुडख्यावरची अक्षरे वाचा आणि कागदावर उतरवून ठेवा. आणि घरात कोणी वडीलधारे असतील तर तो कोणाचा, हे त्यांना आजच विचारा.